एका आण्याचं पाकीट

माझ्या कपाटात पत्रांचा एक गठ्ठा आहे. दोनशे सोळा आंतर्देशीय पत्रं, सुतळीने बांधलेली. गंमत अशी की ही सगळी माझ्याच हातची आहेत. आपलीच पत्रं आपल्याजवळ असणं हे तसं विचित्रच. पत्र म्हणजे देऊन टाकलेली वस्तू. पेटीत टाकलं की ते आपलं राहत नाही, ज्याला लिहिलं त्याचं होतं. मग ती माझ्याकडे परत कशी आली? सांगते. पण त्याआधी दुसऱ्याच एका गठ्ठ्याची गोष्ट सांगायची आहे. तीही आमच्या वऱ्हाडातलीच, आणि माझ्या गोष्टीपेक्षा पुष्कळ मोठी.

१९७२ साली ‘कुसुमानिल’ नावाचं पुस्तक आलं. मी तेव्हा वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयातून बी. ए. होऊन नुकतीच शाळेत लागले होते. राम शेवाळकर सर आमचे प्राचार्य, त्यामुळे गावात पुस्तकांची चर्चा भरपूर. तरी हे पुस्तक आम्ही मैत्रिणींनी वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचलं. कारण ती प्रेमपत्रं होती. एका कवीची आणि त्याच्या बायकोची, लग्नाच्या आधीची! खरीखुरी माणसं, खरीखुरी पत्रं, आणि ती स्वतः त्या कवीनेच छापलेली. आमच्या घरांतून हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

कवी म्हणजे अनिल. आत्माराम रावजी देशपांडे. जन्म १९०१ चा, मुर्तिजापूरचा. आमच्या जिल्ह्याची शकुंतला आगगाडी यवतमाळहून जिथे जायची, तेच मुर्तिजापूर. आणि ती कुसुम जयवंत, जन्म १९०४ चा, अमरावतीची. दोघं शिकायला पुण्याला. तिथे ओळख झाली आणि १९२२ पासून पत्रं सुरू झाली. पुस्तकातला पत्रव्यवहार १९२२ ते १९२७ असा आहे. लग्न झालं १९२९ साली. म्हणजे ओळख ते लग्न, सात वर्षं.

आता १९२२ साल जरा डोळ्यापुढे आणा. एकवीस वर्षांचा मुलगा आणि अठराही पूर्ण न झालेली मुलगी. ही दोघं बोलणार कुठे? चहाला जायचं नाही, बागेत बसायचं नाही, घरी जायचं तर सगळ्यांच्या देखत. आपण म्हणतो, भेटता येत नाही म्हणून माणसं पत्रं लिहितात. मला वाटतं त्या काळी गोष्ट उलटी होती. भेट झाली तरी त्या भेटीत मोकळं बोलता येत नसे. भेट म्हणजे चार माणसांत एकमेकांना बघणं. खरं बोलणं व्हायचं ते कागदावरच.

आणि तो कागद स्वस्त नव्हता. नेमक्या त्याच वर्षी, १९२२ मध्ये, सरकारने टपालाचे दर दुप्पट केले होते. कार्ड एका पैशाचं होतं ते दोन पैशांना झालं आणि पाकीट अर्ध्या आण्याचं होतं ते एक आण्याला. आता कार्डावर असली पत्रं लिहिता येत नाहीत. ते टपालवाल्यापासून घरच्या गड्यापर्यंत सगळे वाचतात. (१८७९ साली हिंदुस्थानात कार्ड निघालं तेव्हापासून ते वाचायचा सगळ्यांचा हक्कच आहे!) म्हणजे पाकीटच पाहिजे. रोज एक पाकीट म्हटलं तर महिन्याचे तीस आणे. एक रुपया चौदा आणे. विद्यार्थ्याने ते आणायचे कुठून? कुठल्याशा खर्चाला कात्री लावल्याशिवाय हा हिशेब बसत नाही. मी गणित शिकवत नव्हते, पण हा हिशेब मी तेव्हाही केला होता, कारण माझाही असाच एक हिशेब चालू होता.

पुढे ती शिकायला नागपूरला आली. नागपूर विद्यापीठच मुळी १९२३ चं, अगदी नवं. त्याने वकिलीचा अभ्यास केला आणि अमरावतीला वकिली सुरू केली. नागपूर, पुणे, अमरावती. पत्रं जी. आय. पी. रेल्वेच्या टपालाच्या डब्यातून जायची. अमरावती तर मुख्य लायनीवर नाही, थैली बडनेऱ्याला उतरवून पुढे न्यायची. लिहिलेलं पोचायला दोन-तीन दिवस, उत्तर यायला तितकेच. म्हणजे आज ती जे वाचते आहे ते त्याने परवा लिहिलेलं. आजचा तो कसा आहे ते तिला परवा कळणार. जो रोज लिहितो त्याच्या बाबतीत मात्र एक मजा होते. परवाचं आज येतं, कालचं उद्या येतं, आणि रोज काहीतरी येतच राहतं. माणूस दोन दिवस मागे असतो, पण रोज येतो. दूर असून जवळ राहणं म्हणतात ते हेच असावं.

मी शाळेत पत्रलेखन शिकवलं, तीस वर्षं तरी. वडिलांना ‘तीर्थरूप’, ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’. धाकट्यांना ‘चिरंजीव’, ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. परक्यांना ‘सप्रेम नमस्कार’. बहीण, मामा, मुख्याध्यापक, नगरपालिका, पुस्तकाचा दुकानदार, सगळ्यांसाठी मायना ठरलेला. एकाच माणसासाठी व्याकरणाच्या पुस्तकात मायना नाही. ज्याच्याशी लग्न व्हायचं आहे, किंवा व्हावंसं वाटतं आहे, त्याच्यासाठी! तो प्रत्येकाने आपापला शोधायचा. कुसुम आणि अनिल यांच्या पिढीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी तो शोधला, हे माझ्या दृष्टीने मराठीच्या इतिहासातलं एक मोठंच काम आहे. कादंबऱ्यांचा इतिहास लिहितात, नाटकांचा लिहितात. बाईने पुरुषाला बरोबरीने लिहायला कधी सुरुवात केली, हा इतिहासही लिहायला पाहिजे.

तो लिहायचा तर सुरुवात सावित्रीबाईंपासून करावी लागेल. सावित्रीबाई फुल्यांनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं आपल्यापुढे आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. त्यांत लाडिक काही नाही, सगळं कामाचं. पण १८६८ चं नायगावहून लिहिलेलं पत्र मला नेहमी थांबवतं. गणेश नावाचा पंचांग सांगणारा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम जमलं होतं. मुलीला दिवस गेले होते. गाव त्या दोघांना मारायला निघालं. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक दाखवला, दोघांना वाचवलं आणि जोतिरावांकडे पाठवून दिलं. हे सगळं बायको नवऱ्याला पत्राने कळवते आहे. कळवते आहे म्हणजे परवानगी मागत नाही. करून मोकळी झाली आहे आणि तो आपल्याच बाजूचा आहे याची तिला खात्री आहे. इतका विश्वास ज्या पत्रात आहे, त्याला प्रेमपत्र म्हणायला माझी हरकत नाही. त्या पत्रांना जोतिरावांनी काय उत्तरं दिली, ती मात्र आपल्याला वाचायला मिळत नाहीत. संवादाची एकच बाजू उरली.

मग आनंदीबाई जोशी. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला डॉक्टरी शिकायला गेल्या. मागे राहिलेले गोपाळराव कोण? टपालखात्यातले नोकर! दुसऱ्यांची पत्रं हाताळत त्यांनी बायकोच्या पत्रांची वाट बघितली. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं, ते लिहिता आलं याला ही पत्रं मोठं कारण. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या. वय पुरतं बावीसही नाही. पत्रं उरली म्हणून ती मुलगी आपल्याला कळली.

कुसुम जयवंतही बी. ए. झाल्यावर विलायतेला गेल्या, लंडनला इंग्रजी साहित्य शिकायला. तेव्हा विलायतेचं टपाल मुंबईहून आठवड्यातून एकदाच निघायचं, बोटीने. पोचायला पंधरवडा. म्हणजे ‘तुझी तब्येत कशी आहे?’ असं विचारलं की उत्तर यायला महिना. बरी नसेल तर तोवर बरी झालेली असेल, आणि बरी असेल तर… असो. तुम्ही रोज लिहा, बोट रोज निघत नाही. आणि समोरच्याला सात दिवसांचं बोलणं एकदम मिळतं, मग पुढचे सहा दिवस काही नाही. लंडन ते कराची विमानाचं टपाल सुरू झालं ते १९२९ च्या मार्चअखेर. कुसुमबाईंची लंडनची पदवीही १९२९ चीच. ही नेहमीचीच गोष्ट. सोय येते तेव्हा आपली गरज संपत आलेली असते.

त्याच वर्षी लग्न झालं आणि त्या कुसुमावती देशपांडे झाल्या. १९३१ पासून नागपूरला इंग्रजीच्या प्राध्यापिका. १९३२ साली अनिलांचा पहिला संग्रह आला, ‘फुलवात’. १९३५ साली कुसुमावतींच्या कथांचा पहिला संग्रह, ‘दीपकळी’. पुढे त्यांचा ‘पासंग’ हा टीकालेखांचा संग्रह, मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा अभ्यास. दोघांचंही लिहिणं ज्यांनी वाचलं आहे त्यांना माहीत असेल, दोघांचा आवाज चढत नाही. मला उगीच वाटतं, याची तालीम त्या पत्रांत झाली असणार. एकाच वाचकासाठी जो वर्षानुवर्षं लिहितो, त्याला ओरडायची सवय लागत नाही.

१९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अनिल. १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती. संमेलनाच्या इतिहासातल्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. (२०१९ साली संमेलन आमच्या यवतमाळला झालं, अध्यक्ष अरुणा ढेरे. तेव्हा मंडपात माझ्या शेजारच्या मुलीला मी विचारलं, ‘पहिली बाई अध्यक्ष कोण, माहीत आहे का?’ तिला माहीत नव्हतं. मी तिथेच तास घेतला!) पण त्याच १९६१ च्या १७ नोव्हेंबरला कुसुमावती गेल्या. सत्तावन्नाव्या वाढदिवसानंतर आठवड्याने.

आणि मग अकरा वर्षांनी ते पुस्तक.

तेव्हा वाचलं त्या वयात मला त्यातलं प्रेम दिसलं. आज दुसरंच दिसतं. पत्रव्यवहार छापायचा म्हणजे दोन गठ्ठे लागतात. तिची पत्रं त्याच्याकडे, त्याची तिच्याकडे. तो गठ्ठा त्याने सांभाळला, हा तिने. वसतिगृहाच्या खोल्या बदलल्या, गावं बदलली, ती समुद्र ओलांडून गेली आणि आली, नोकऱ्या, बदल्या, संसार. एवढ्यातून दोघांनी आपापला गठ्ठा जपला. एकाने जरी हयगय केली असती तरी आज आपल्याला अर्धंच बोलणं ऐकू आलं असतं. आणि सत्तरीचे अनिल, बायको जाऊन दशक लोटलेलं, आपल्या विशी-पंचविशीतली पत्रं छापायला देतात. तेव्हा लोकांनी नावं ठेवलेली मी ऐकली आहेत. ‘म्हातारपणी काय हे!’ वगैरे. मी आज त्यांच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे गेले आहे. मला त्यात आता काहीच वावगं वाटत नाही. ती पत्रं त्यांनी छापली नसती तर पुढे कोणीतरी रद्दीत घातली असती.

आता माझा गठ्ठा.

१९७३ च्या दिवाळीनंतर माझा साखरपुडा झाला. मुलगा भिलाईला नोकरीला. लग्न पुढच्या उन्हाळ्यात ठरलं. त्यांनी पहिलं पत्र पाठवलं, मी उत्तर दिलं, आणि मग रोजच सुरू झालं. मायन्याचा प्रश्न मलाही पडला. ‘प्रिय’ लिहायचा धीर नव्हता. ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची, त्यातला ‘सप्रेम’ तेवढा जरा जोर देऊन. पत्ता लिहिताना पाठवणाऱ्याच्या जागी ‘वणी ४४५३०४’ असं ठसठशीत लिहायची. पिनकोड १९७२ साली सुरू झाले होते आणि मी मास्तरीण, नियम पाळणारी. आमचे पोस्टमनभाऊ शाळेत यायचे ते दारातूनच सांगायचे, ‘बाई, तुमचं निळं आलं बरं का!’ वर्ग हसायचा. मी फळ्याकडे तोंड करायची.

काय लिहायचो? आज वाचते तर हसू येतं. निर्गुडेला पूर आला. आठवीच्या मुलांनी निबंधात काय दिवे लावले. रंगनाथस्वामींच्या जत्रेत बैलांना काय भाव आला. भाजीत मीठ जास्त पडलं. एकाही पत्रात मोठं असं काही नाही. पण मोठं काही वर्षातून दोनदा घडतं, मीठ रोज पडतं. ज्याच्याबरोबर पुढे पंचेचाळीस वर्षं जेवायचं, त्याला माझ्या हाताचा अंदाज आधी यायला नको का?

मग आला १९७४ चा मे. ८ मेला रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला, तो २७ मेपर्यंत चालला. लाखो कामगार संपावर, गाड्या बंद. इतिहासाच्या पुस्तकात त्या संपाबद्दल पुष्कळ लिहिलेलं असतं, आणि ते महत्त्वाचंच आहे. किती लोकांना तुरुंगात टाकलं, किती जणांच्या नोकऱ्या गेल्या. माझ्यापुरता तो संप म्हणजे पोस्टमनभाऊंचे रिकामे हात. लग्नही पुढे गेलं, पाहुणे येणार कसे? थेट डिसेंबरात झालं. मी मात्र लिहीत राहिले. पेटीत टाकत राहिले. पोचतं की नाही माहीत नाही, तरी रोज. लंडनला जाणाऱ्या बोटीची वाट बघणं म्हणजे काय, ते मला त्या वीस दिवसांत कळलं.

डिसेंबरात, लग्नाच्या आठ दिवस आधी, मी त्यांची सगळी पत्रं माहेरच्या पाण्याच्या बंबात घातली.

कारण सांगते. सासरचं घर मोठं, जावा, नणंदा, लहान मुलं. माझी ट्रंक कोण उघडेल, कोण वाचेल आणि जेवताना कोण काय म्हणेल, याची धास्ती. कॉलेजात असताना एका मैत्रिणीचं पत्र तिच्या घरी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलेलं मी पाहिलं होतं. ते डोक्यात होतं. तासाभरात काम झालं. पाणीही चांगलं तापलं. पुढे एकदा ह्यांनी विचारलं, ‘माझी पत्रं आहेत का गं?’ मी खरं ते सांगितलं. ‘बरं,’ एवढंच म्हणाले. परत कधी विषय काढला नाही. मीही नाही विचारलं, माझ्यांचं काय केलंत म्हणून. मला वाटलं, गेली असतील तीही.

२०१९ मध्ये हे गेले. महिन्याभराने त्यांची जुनी कागदपत्रांची पेटी उघडली. घराचे कागद, पेन्शनचे कागद, आणि तळाशी सुतळीने बांधलेली दोनशे सोळा निळी पत्रं. तारखेप्रमाणे लावलेली. पंचेचाळीस वर्षं, भिलाईहून नागपूर, नागपूरहून वणी, किती घरं बदलली आम्ही. सामान मीच बांधायची. ही पेटी तेवढी ते स्वतः बांधायचे.

म्हणून माझ्याजवळ माझंच बोलणं उरलं आहे. ‘तुम्ही लिहिलंत ते मला पटलं नाही.’ काय लिहिलं होतं? ‘तो पानवाल्याचा किस्सा वाचून बाबाही हसले.’ कुठला किस्सा? ‘तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर हो.’ काय विचारलं होतं, देव जाणे. सावित्रीबाईंच्या पत्रांबद्दल वर लिहिलं ना, संवादाची एकच बाजू उरली? इतिहासात असं होतं ते काळामुळे. माझ्या घरात ते माझ्या हाताने झालं.

आता जग पत्रांचं राहिलेलं नाही याचं मला फार दुःख नाही. २०२५ च्या सप्टेंबरापासून आपल्याकडे रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टात गेलं. डेन्मार्कच्या टपालखात्याने तर २०२५ च्या शेवटी पत्रं वाटणंच बंद केलं. माझ्या नातीचं लग्न ठरलं आहे, मुलगा जर्मनीत. ती रोज रात्री त्याच्याशी बोलते, आणि कानावर पडतं ते ‘आज भाजी खारट झाली’ हेच! मला बरं वाटतं. ज्यांना रोजचं मीठ सांगावंसं वाटतं त्यांचं बरं चाललेलं असतं. फक्त मी तिला एकदा म्हटलं, ‘बाई, काही लिहीत असाल एकमेकांना तर पुसून टाकू नका.’ ती म्हणाली, ‘आजी, बॅकअप असतो.’ असेल. बंबात घालता येत नाही एवढं तरी बरं.

तुमच्याही घरात, माळ्यावर, एखाद्या ट्रंकेत कोणाचा गठ्ठा असेल. आई-वडिलांचा, काका-काकूंचा. लाज वाटते म्हणून, जागा नाही म्हणून, ‘आता काय करायचं आहे’ म्हणून तो बाहेर काढू नका. आणि एक गठ्ठा सापडला तर दुसरा कुठे आहे तो शोधा. असतो कुठेतरी.

३ जून १९७४ चं माझं एक पत्र आहे. संप मिटल्यावरचं. त्यात मी लिहिलं आहे : ‘आज तुमची अकरा पत्रं एकदम आली. आधाशासारखी सगळी वाचून टाकणार नाही. तारखेप्रमाणे लावली आहेत, रोज एक उघडीन.’

तशी उघडली असणार. मी नियम पाळणारी. त्या अकरांत काय होतं, ते मात्र आता काही केल्या आठवत नाही.